बोयाच्या मृत्यूचा दाखला

ज्या खात्यात बाईंनी उभं आयुष्य घालवलं त्या खात्याला बाप तीन होते आणि जन्माचा दाखला एकही नव्हता.

फार वर्षांपूर्वी एका वादळात बरीच माणसं बुडाली. तेव्हा भरती-ओहोटी मोजायचं काम बंदर खात्याकडे होतं, वारा मोजायचं विमानतळांकडे आणि समुद्राचं पाणी कुठे किती गरम आहे हे बघायचं मासेमारी खात्याकडे. वादळ येतंय हे तिघांनाही थोडं थोडं कळलं होतं आणि दुसरा सांगेल म्हणून तिघेही गप्प राहिले. पुढे व्हायची ती ओरड झाली. तेव्हाच्या मंत्र्यांनी एका दुपारी तिन्हीकडची माणसं उचलून एका इमारतीत बसवली, बाहेर 'समुद्र आणि हवामान खातं' अशी पाटी ठोकली आणि एक दोन पानी आदेश काढला. आदेशाच्या शेवटी लिहिलं होतं की खात्याचा रीतसर कायदा यथावकाश करण्यात येईल. सरकारी भाषेत यथावकाश म्हणजे तुमच्या नातवाच्या लग्नात बघू.

कायदा नाही म्हणजे हक्काचा पैसाही नाही. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी खात्याने दारात उभं राहायचं आणि वाढपी कधी आपल्याकडे वळतो याची वाट बघायची. त्यातही आदेशाने पैसा दिला होता तो फक्त नवीन उपकरणांसाठी. जुन्या उपकरणांची देखभाल 'पूर्वीप्रमाणे मूळ खात्यांनी' करायची होती. हे समजल्यावर बंदर खातं म्हणालं, पोरगी एकदा सासरी दिली की तिचं दुखलंखुपलं सासरच्यांनी बघावं. विमानतळवाले म्हणाले, आमचं वारं वेगळं, तुमचं वारं वेगळं. मासेमारी खातं काही बोललं नाही, कारण तोवर ते बंदच झालं होतं. थोडक्यात काय, रोज नवी चप्पल घ्यायला परवानगी, पण तुटलेला अंगठा शिवायला मनाई.

या खात्यात बाई ऐन पंचविशीत इंजिनियर म्हणून आल्या आणि त्यांच्या वाट्याला बोया कार्यशाळा आली. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची एक लांबलचक शेड, एक कुरकुरणारी क्रेन आणि कितीही घासली तरी ग्रीसचा वास न सोडणारी चहाची किटली, एवढा तो संसार. बोया म्हणजे साखळीने समुद्रात नांगरून ठेवलेला पिवळा लोखंडी भोपळा, माणसाच्या दीडपट उंच. पोटात बॅटरी आणि यंत्रं, डोक्यावर वाऱ्याची फिरकी आणि अँटेना. लाटेबरोबर वरखाली होत तो लाट केवढी, वारा कुठला, हवेचा दाब किती हे किनाऱ्याला सांगत राहतो. वादळाची चाहूल सगळ्यात आधी लागते ती त्याला. पण समुद्र लोखंडालाही सुखाने राहू देत नाही. अंगावर शिंपल्यांचं कवच चढतं, साखळी झिजते, रबरी वॉशर कडक होतात, पोटात खारं पाणी शिरतं आणि एक दिवस बोया मुका होतो.

बाईंच्या वेळचा पहिला बोया मुका झाला तेव्हा त्यांनी एक वॉशर, एक बॅटरी आणि थोडा रंग मागितला. हिशेब शाखेने कळवलं की दुरुस्ती या नावाचा खर्च आदेशात नाही. बाई हिशेब शाखेत जाऊन भांडल्या. आता बाईंना राग येत असे असं म्हणणं चुकीचं आहे. राग त्यांच्याकडेच मुक्कामाला होता, अधूनमधून बाहेर चक्कर मारून यायचा एवढंच. त्या दिवशी तो चांगला तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आला, पण येताना रिकाम्या हाताने आला.

कार्यशाळेत वेल्डरकाका होते. वयाने बाईंच्याच बरोबरीचे, बोलण्यात शंभर वर्षांनी मोठे, म्हणून काका. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, आजारी माणसाला कुणी उसने देत नाही. मेला म्हणा. मेल्यावर सगळे खिशात हात घालतात."

"अहो काका, तो मेलेला नाही. वॉशर गेलाय."

"तुम्हाला वॉशर पाहिजे का खरं बोलायचंय, ते एकदा ठरवा."

बाईंना वॉशर पाहिजे होता.

तेव्हापासून खात्यात एक पद्धत पडली. बोया मुका झाला की तो 'कायमचा निकामी' झाल्याचा दाखला काढायचा. त्यावर बाईंची सही, कायदा अधिकाऱ्याची सही, संचालकांची सही. मग नव्या बोयासाठी पैसे मंजूर व्हायचे, आणि नवा बोया खात्याने आपल्याच शेडमध्ये बनवायला आदेशात हरकत नव्हती. मग तोच जुना बोया क्रेनने उचलून आणायचा, शिंपले खरवडायचे, वॉशर-बॅटरी बदलायची, पिवळा रंग मारायचा, पोटावर नवा आकडा काढायचा आणि परत समुद्रात सोडायचा. खात्याचे बोये होते मूठभर, पण आकडे कधीच शंभरीपार गेले होते. दाखल्यावर सह्या झाल्या की शेडमध्ये चहा होई. वेल्डरकाका सुतकी चेहरा करून म्हणत, "फार गुणी होता. कधी उलटून बोलला नाही." मग कुणीतरी विचारायचं, "मागे कोण कोण आहे?" काका म्हणत, "साखळी आहे, नांगर आहे. दुसरं कोण असणार बिचाऱ्याला?"

सगळे हसायचे. बाई हसत नसत. दर दाखल्याला त्या पेनाचं टोपण दातांनी चावत आणि म्हणत, "आपण चांगलं काम करतोय आणि ते चोरासारखं करतोय." मग सही करत. चिडून का होईना, पण करत. संचालक आले नि गेले, कायदा अधिकारी बदलले, पद्धत राहिली. हळूहळू ती इतकी अंगवळणी पडली की नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगत: चहा तिकडे, संडास इकडे, बोया बिघडला तर मेला म्हणायचं.

या बोयांपैकी एकाचं नाव म्हातारा. बंदराच्या तोंडापासून जरा लांब, जिथे खडकाळ उथळ भागावर लाट पहिल्यांदा उठते तिथे तो नांगरलेला असे. सगळ्यात जास्त वेळा मेलेला तोच. बाईंचा धाकटा भाऊ मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता. बोट बाहेर काढण्याआधी तो बहिणीला फोन करी आणि खुशाली न विचारता थेट विचारी, "ताई, म्हातारा काय म्हणतोय?" खात्याचा इशारा रेडिओवरही यायचा. पण याला घरचा वैद्य लागायचा.

आणि मग, बाईंच्या निवृत्तीला थोडा अवकाश उरलेला असताना, खात्याचा कायदा खरोखरच निघाला. लोकप्रतिनिधींची एक समिती बसली, मसुदा तयार झाला. खात्यात चहाबरोबर बिस्किटं आली. आयुष्यभर बिनकागदाचे राहिलो, आता कूळ-गोत्र मिळणार, असा एकंदर आनंद होता.

मसुद्याची प्रत घेऊन वकीलसाहेब शेडमध्ये आले. वकीलसाहेब म्हणजे खात्याचे सध्याचे कायदा अधिकारी, आम्लपित्त आणि सावधगिरी या दोन जुन्या दुखण्यांनी पोखरलेला सज्जन माणूस. उभ्या जन्मात त्यांनी कुठल्या प्रश्नाला 'हो' म्हटलं नव्हतं, 'हरकत नसावी' म्हणत.

बाई लेथ मशीनला टेकून वाचायला लागल्या. पहिलं प्रकरण बोधचिन्हाचं. त्यात लाट कुठल्या बाजूला वळलेली असावी इथपर्यंत सगळं होतं. बाईंनी नाक उडवलं आणि पान उलटलं. पुढे मात्र त्यांचा चेहरा निवळत गेला. वादळाचा इशारा सर्वांना फुकट मिळेल, तो देणं खात्यावर बंधनकारक राहील. चांगलं होतं. खात्याला स्वतःचा निधी मिळेल, दरवर्षी कुणाची मर्जी सांभाळावी लागणार नाही. हेही चांगलं होतं. मग निधी कशाकशावर खर्च करता येईल ते कलम आलं. पगार. इमारती. नवीन उपकरणं, आणि तीही बाहेरच्या कंपन्यांकडून तयार विकत घेतलेली. खाली टीप होती: 'खात्याच्या स्थापनेपासून एकाही बोयाची दुरुस्ती करावी लागल्याची नोंद नाही. सबब दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद आवश्यक नाही. बोया कार्यशाळा बंद करण्यात यावी.'

बाईंनी ती टीप पुन्हा वाचली. मग वकीलसाहेबांना विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"समितीच्या कार्यालयाने."

"कुणाला विचारून?"

वकीलसाहेबांनी खिशातून पित्ताची गोळी काढली. "आपल्याला विचारून. त्यांचं पत्र आलं होतं, आजपर्यंत किती दुरुस्त्या झाल्या. आपण कळवलं, निरंक."

"आपण म्हणजे कोण?"

"माहिती तुमच्या शाखेची आहे बाई. पाठवली मी."

"अहो, पण तुम्हाला माहीत नाही का? गेल्या वर्षी तुम्ही इथेच उभे राहून चहा प्यायलात. म्हातारा त्या क्रेनला लटकला होता."

"मी बोया पाहिला," वकीलसाहेब गोळी चघळत म्हणाले. "पण कागदावर तो नवा होता. आणि मी कागदाचा अधिकारी आहे."

बाईंच्या हाताशी एक जड पाना होता. त्यांनी तो उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. वकीलसाहेब तेवढ्यात दोन पावलं मागे सरकले होते.

बाईंचा संताप होण्यासारखंच होतं. चोर पकडायला निघावं आणि उमटलेले ठसे आपल्याच चपलेचे निघावेत, तसं झालं होतं. ज्यांनी दुरुस्तीला पैसा दिला नाही त्यांनीच आता हात वर करून सांगितलं होतं की तुम्ही कधी दुरुस्ती केलीच नाहीत, मग पैसा कशाला? आणि ते सांगताना बाईंच्याच सह्या पुढे केल्या होत्या. बाहेरून बोया विकत घ्यायचा म्हणजे निविदा, नमुने, तक्रारी, फेरनिविदा. दोन वर्षं कुठेच गेली नाहीत. तोवर एकेक बोया मुका होत जाणार आणि त्याला वॉशर बदलून देणारा हात कायद्याने तोडलेला असणार. कायदा झाल्यावर इशारा देणं बंधनकारक होतं. कशाच्या जोरावर द्यायचा, ते बोधचिन्हातल्या लाटेला विचारायचं.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान व्हरांड्यात छत्रीची काडी बसवत होते. ते शाळेतून निवृत्त झालेले भूमितीचे मास्तर, स्वभावाने अत्यंत थंड. राग या विषयात घरात एकच पदवीधर पुरे, असं त्यांचं मत होतं. तांडेल भाऊही आला होता, पायरीवर बसून दाजींना काडी कुठे अडकते ते दाखवत होता. बाईंनी पर्स खुर्चीवर टाकली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे म्हातारा गेला?" भावाने विचारलं.

"आज नाही. पण आता बिघडला की गेला. या वेळी खरोखरचा."

भावाने छत्रीवरचा हात काढला. मग म्हणाला, "ताई, मागे तो मुका होता तेव्हा तुमचे दाखले व्हायला आठवडा लागला होता, आठवतंय? आम्ही आभाळ बघून बाहेर गेलो. आभाळ चांगलंच होतं. आलो तेव्हा बोटीत एक माणूस कमी होता."

बाईंना आठवत होतं. त्या माणसाच्या घरी त्या स्वतः गेल्या होत्या आणि दारातूनच परत आल्या होत्या.

"मग समितीपुढे सांग ना," भाऊ म्हणाला. "बोये मेलेच नव्हते म्हणावं. आम्ही शिवत होतो."

"सांगितलं तर विचारतील, मग दाखल्यांवर सह्या कुणाच्या? खोटा दाखला दिला म्हणून नोकरी जाईल. पेन्शनीलाही हात लावतील."

मास्तरांनी छत्री उघडून बघितली. एक काडी अजून लोंबत होती. "आणि नाही सांगितलंस तर?"

"तर सन्मानाने निवृत्त होईन. खात्याच्या खर्चाने फुलांचा गुच्छ मिळेल."

"मग मला भीती वेगळीच आहे," मास्तर म्हणाले. "पेन्शन कमी झाली तर मी दोन शिकवण्या जास्त घेईन. पण तू गप्प बसलीस तर तुझा सगळा राग या घरात राहायला येईल. आणि घर लहान आहे."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय."

"अगं, चेष्टा कुठे? मोजमाप सांगतोय."

सुनावणीच्या दिवशी संचालकांनी बाईंना जिन्यातच गाठलं. समिती खूश आहे, नसते फाटे फोडू नका, तुम्ही फक्त हसऱ्या चेहऱ्याने बसा, असं त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "साहेब, तसला चेहरा मी आणलेला नाही."

समितीची खोली थंडगार होती आणि टेबल इतकं लांब की पलीकडच्या टोकाचा माणूस दुसऱ्या ऋतूत बसल्यासारखा वाटावा. अध्यक्ष गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी खात्याचं तोंड भरून कौतुक केलं. इतकी टिकाऊ उपकरणं, दुरुस्तीचा छदामही खर्च नाही, इतर खात्यांनी धडा घ्यावा. मग ते म्हणाले, "बोया शाखेच्या प्रमुखांना समितीतर्फे गौरवपत्र द्यावं असा माझा विचार आहे. कोण आहेत त्या?"

बाई उभ्या राहिल्या. संचालकांनी डोळे मिटून घेतले.

"गौरवपत्र नको साहेब," बाई म्हणाल्या. "ते बोये मेले नव्हते."

"काय म्हणालात?"

"निकामी म्हणून दाखवलेले बोये निकामी झाले नव्हते. एकही नाही. आम्ही दुरुस्त करत होतो आणि नवे म्हणून दाखवत होतो. आजही समुद्रात तरंगतायत ते बहुतेक सगळे मी नोकरीला लागले तेव्हाचे आहेत."

मग एक सदस्य, ज्यांचा चष्मा बोलताना खाली घसरायचा, ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही सरकारला फसवलंत."

"कशात फसवलं?" बाईंचा आवाज चढला. "पैसे बोयासाठी घेतले, बोयाला लावले. एक बोया घ्यायचे पैसे मंजूर व्हायचे, त्यात दोन-दोन बोये उभे केले आणि उरलेले परत पाठवले. फसवलं असेल तर तुमच्या आदेशाला फसवलं. यंत्र विकत घे पण त्याला हात लावू नकोस, असं सांगणारा आदेश आहे तो. तुमच्या घरात असं चालतं का? दार कुरकुरलं की घर नवीन बांधता?"

"बाई, जरा शांत..." संचालक पुटपुटले.

"शांतच होते साहेब. म्हणून तर ही वेळ आली. आधीच ओरडले असते तर या टिपेत निरंक लिहिलं गेलं नसतं." त्या अध्यक्षांकडे वळल्या. "माझं काय करायचं ते करा. पण तुम्ही कायदा करताय आणि त्यात लिहिताय की समुद्रात लोखंड गंजत नाही. हे वाचून उद्या मासे हसतील. माणसं मात्र बुडतील."

घसरत्या चष्म्याचे सदस्य म्हणाले, "दाखल्यांवर सह्या कुणाकुणाच्या आहेत?"

"माझ्या," बाई म्हणाल्या.

आणि तेव्हा, खात्याच्या इतिहासात पहिल्यांदाच, वकीलसाहेबांनी न विचारता हात वर केला. "माझ्याही," ते म्हणाले. क्षणभर थांबून म्हणाले, "हो." मग पाण्याची बाटली घेऊन अर्धी रिकामी केली.

अध्यक्षांचा गोडवा ओसरला होता, पण माणूस हुशार होता. ते म्हणाले, "एखादा बोया तुम्ही इतक्या वेळा नवा केलात यावर विश्वास कसा ठेवायचा? तुम्ही कार्यशाळा वाचवायला हे बोलत असाल."

"शेड इथून जवळ आहे," बाई म्हणाल्या. "चालत येता येईल."

समिती आली, म्हणजे गाड्यांतून आली. योगायोगाने म्हातारा शेडमध्येच होता. दोनच दिवसांपूर्वी मुका झाला होता आणि दाखल्याची वाट बघत ठोकळ्यांवर बसला होता. बाईंनी वेल्डरकाकांना खूण केली. काकांनी खरवडणी घेतली आणि म्हाताऱ्याच्या पोटावरच्या आकड्यापाशी लावली. पिवळा रंग सोलपटासारखा निघाला. खाली आणखी एक पिवळा थर, त्यावर दुसराच आकडा. तो खरवडला, तर त्याखाली मधल्या एका टंचाईच्या काळातला नारिंगी थर, त्यावर तिसरा आकडा. काका खरवडत गेले. आकड्याखाली आकडा निघत गेला, कांद्यासारखा. समितीतले लोक हळूहळू जवळ सरकले. अध्यक्षांनी बोटाने रंगाची कड चाचपली. शेवटी काळपट लोखंड आलं आणि त्यावर छिन्नीने कोरलेलं मासेमारी खात्याचं चिन्ह. ते खातं बंद होऊन किती काळ लोटला होता हे तिथल्या निम्म्या लोकांना आठवतही नव्हतं.

"कितव्यांदा मेलाय हा?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोजणं सोडून दिलं साहेब," वेल्डरकाका म्हणाले. "आता आम्ही फक्त चहा करतो."

कुणी हसलं नाही. घसरत्या चष्म्याचे सदस्य सोडून. ते हसले, मग त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच चौकशीही व्हायला पाहिजे."

दोन्ही झालं. कायदा मंजूर झाला तेव्हा त्यात देखभाल आणि दुरुस्ती असं एक स्वतंत्र प्रकरण होतं. कार्यशाळा कायम राहिली. निधीचा ठरावीक भाग तिच्यासाठी राखून ठेवला गेला आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही असंही लिहिलं गेलं. भाषण करताना मंत्री म्हणाले की ही तरतूद आमच्या दूरदृष्टीचं फळ आहे. बाईंनी ते रेडिओवर ऐकलं आणि रेडिओ बंद केला. मास्तरांनी तो परत लावला, कारण पुढे क्रिकेट होतं.

आणि दुसऱ्या बाजूला चौकशी. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, अमुक क्रमांकाचा बोया मृत झाला असं आपण कोणत्या आधारावर लिहिलंत? बाई म्हणाल्या, वॉशरच्या आधारावर. त्याने ते तसंच टिपून घेतलं. वकीलसाहेबांना ताकीद मिळाली आणि आश्चर्य म्हणजे त्यांचं पित्त कमी झालं. संचालकांच्या सह्यांचा विषय कसा कोण जाणे निघालाच नाही. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणतात ते खोटं नाही. बाईंना मुदतीआधी सक्तीने निवृत्त केलं, पेन्शनीला कात्री लावली आणि खात्याच्या आवारात पाऊल टाकायला बंदी घातली. हुकुमात कारण दिलं होतं, 'सचोटीचा अभाव'.

नोकरी गेल्याचं बाईंनी मनाला लावून घेतलं नाही. पेन्शनीचंही नाही. पण त्या दोन शब्दांनी त्यांचं डोकं फिरलं. "आयुष्यभर खोटं लिहिलं तेव्हा गौरवपत्र देत होते," त्या घरात येरझारा घालत म्हणायच्या. "एकदा खरं बोलले तर सचोटीचा अभाव." मास्तर म्हणाले, "अपील कर." बाईंनी अपील केलं. त्याचं उत्तर यथावकाश येणार होतं.

नव्या कायद्याखालची पहिली दुरुस्ती म्हाताऱ्याचीच निघाली; समितीसमोर खरवडल्यापासून तो ठोकळ्यांवरच बसून होता. त्या सकाळी तांडेल भावाने फोन केला, "ताई, आज त्याला खोलतायत म्हणे. काका एकटेच आहेत. नवा साहेब अजून रुजू व्हायचाय." बाईंनी चपला घातल्या. मास्तरांनी त्यांना छत्री दिली.

आवाराला तारेचं कुंपण होतं आणि शेड त्याला लागूनच. फाटकावरचा पहारेकरी बाईंना ओळखत होता. तो ओशाळून उभा राहिला. "बाई, तुम्हाला आत सोडता येत नाही. लेखी आलंय."

"मी कुठे आत येतेय? रस्ता सगळ्यांचा आहे ना?"

"आहे."

"मग त्यावर उभं राहायला बंदी आहे का? लेखी दाखव."

त्याच्याकडे तसं लेखी नव्हतं. बाई कुंपणाच्या कडेने चालत शेडच्या उघड्या बाजूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत म्हातारा ठोकळ्यांवर होता, वरचं झाकण काढलेलं, आणि वेल्डरकाका कमरेइतके त्याच्या पोटात वाकले होते.

"काका," बाईंनी हाक मारली.

काका बाहेर आले, वळून बघितलं आणि नुसती मान हलवली, जणू बाई रोज कुंपणापलीकडूनच कामाला येतात.

"वॉशर तेलात बुडवून ठेवला होता का?"

"ठेवला होता."

"किती वेळ?"

"रात्रभर. तुम्ही सांगितला होता तेवढा."

"आणि बॅटरीचं तोंड कुठल्या बाजूला केलंत? तिकडे नको, मागच्या वेळी तिथूनच पाणी शिरलं. फिरवा. अहो, उलटं नाही. फिरवा म्हणतेय."

पहिल्या मजल्यावर खिडकी उघडली. संचालक डोकावले, बाईंकडे बघितलं, शेडकडे बघितलं. बाईंनीही वर बघितलं आणि त्यांच्याच दिशेने आवाज चढवून म्हणाल्या, "बोल्ट समोरासमोरचे आवळत जायचे, एका बाजूने नाही. कुणी सांगितलं तरी नाही." खिडकी बंद झाली.

काकांच्या मदतीला हिशेब शाखेतला एक कारकून कागद घेऊन उभा होता. नव्या कायद्याप्रमाणे काम काय केलं ते लगेच लिहायचं होतं. त्याने काकांना विचारलं, काकांनी कुंपणाकडे बोट दाखवलं. कारकून तारेजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, काय लिहू?"

"काय केलं ते लिही."

"म्हणजे, वॉशर बदलला, असं?"

"वॉशर बदलला, बॅटरी बदलली, शिंपले काढले. बोया तोच आहे, आकडा होता तोच परत काढला. असंच लिही. घाबरू नकोस, याला आता पैसे मिळतात."

कारकुनाने तारेवर कागद टेकवून लिहिलं. बाईंनी तारेतून वाचलं, एक शब्द दुरुस्त करायला लावला आणि मग पुन्हा शेडकडे वळून ओरडल्या, "काका, आता झाकण. पण आधी कड पुसून घ्या, वाळूचा एक कण राहिला तरी परत उघडावं लागेल. कोरड्या फडक्याने. ते नाही, ते तेलकट आहे. दुसरं घ्या."

काकांनी दुसरं घेतलं.